गर्भस्थ मेंदूच्या वाढीचे माप : वर्णन की आदेश?

भाषेच्या अभ्यासकाने गर्भस्थ मेंदूविषयी लिहावे, हे कित्येकांस अनधिकाराचे वाटेल. तथापि त्या क्षेत्रातील एक मूलभूत प्रश्न आमच्याही शास्त्राचा आहे : माप कोणाचे घ्यावे?

प्रथम पद्धती पाहू. त्रिमितीय सोनोग्राफीत गर्भाचे डोके कोणत्याही दिशेस वळलेले असते. शिवाय यंत्राच्या बाजूचा अर्धगोल कवटीमुळे नीट दिसत नाही. म्हणून संगणक सर्व प्रतिमा प्रथम एकाच ठेवणीत आणतो. नंतर समान वयाच्या प्रतिमांतील स्पष्ट भागांची सरासरी आठवड्यागणिक काढली म्हणजे वाढीचे प्रतिमान सिद्ध होते. ८९९ गर्भांच्या १,०५९ प्रतिमांवरून रचलेले असे एक प्रतिमान २०२३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. गुळगुळीत मेंदूला वळ्या पडू लागतात तो, चौदाव्या ते एकतिसाव्या आठवड्यांचा काळ त्यात आला आहे. ही सामग्री 'इंटरग्रोथ-२१' प्रकल्पातील असून त्याच्या आठ केंद्रांपैकी एक नागपूर येथे होते.

या प्रकल्पाने सरसकट सर्व गर्भवती घेतल्या नाहीत. निरोगी व सुपोषित तेवढ्याच निवडल्या. म्हणजे गर्भ कसे वाढतात याचे हे वर्णन नव्हे. अनुकूल स्थितीत ते कसे वाढावेत याचा हा आदेश होय. आम्हां भाषाभ्यासकांस आदेशात्मक व्याकरणाचा संशय असतो, आणि तो रास्त आहे. पनवेलकडील आगरी बोलीतील 'पानी' प्रमाणभाषेच्या मापाने अशुद्ध ठरते. वस्तुतः बोलीच्या स्वतःच्या नियमाने ते शुद्धच आहे.

मग येथेही केवळ स्थानिक वर्णन का पुरू नये? पुण्याजवळील खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. डोक्याचा घेरही पुण्याकडे लहान होता. बोलीतील भेद निर्दोष असतो. हा भेद मात्र मातेच्या अपुऱ्या पोषणाचाही असू शकतो. त्यालाच प्रमाण मानले, तर उपासमार 'स्वाभाविक' ठरेल.

उलटपक्षी, आदेश म्हणजे निदान नव्हे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास तपासणी होते. २०२१ च्या सुधारित कायद्याने विशिष्ट स्त्रियांस गर्भपातासाठी दिलेली सर्वसाधारण मुदत चोवीस आठवड्यांची आहे. मधल्या अल्प काळात सरासरीहून लहान आकडा ऐकणाऱ्या मातेस, तो दोष आहे, पोषणाची उणीव आहे की केवळ व्यक्तिभेद, हे निरनिराळे सांगितले गेले पाहिजे. प्रतिमान अंतर दाखविते. त्याचे कारण मात्र पुढील तपासणीनेच शोधावे लागते.