पिणाऱ्या पोराला फोनने काय विचारावं?

दारू प्यायल्यावर झोप लागते, हे अर्धंच खरं आहे. मद्य मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतं आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवतं, म्हणून पहिले काही तास डोळा लागतो. त्याच वेळी स्वप्नांची झोपही दबते. उत्तररात्री दारू उतरू लागली की दाबलेलं सगळं उसळतं. छाती धडधडते, घाम फुटतो, भेसूर स्वप्नं पडतात. लहानपणी खाल्लेला मार, डोळ्यांदेखत झालेला अपघात, घरातली आत्महत्या असं काही मनात साठलेलं असेल, तर पहाटे तेच समोर येतं. मग दुसऱ्या दिवशी क्वार्टर पुरत नाही.

जळगाव शहरात मिसळून गेलेल्या पिंप्राळ्यासारख्या वस्तीत, खोली करून राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचं असं होत असेल, तर तो कुणाला सांगेल? घरी सांगितलं तर बोभाटा. मित्रांना सांगितलं तर ‘चल, बसू’ हेच उत्तर. शिवाय महाराष्ट्रात देशी-विदेशी दारूसाठी कायद्याने पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे मदत मागायची तर आधी गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ जण व्यसनमुक्ती केंद्राच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत, पण मोबाइल त्यांच्यातल्या बहुतेकांच्या उशाशी असतो.

आघात आणि दारू यांचं नातं किती घट्ट आहे, ते अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये दिसलं. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी तिथल्या हजारो प्रौढांना बालपणातल्या छळाविषयी, घरातल्या हिंसेविषयी, घरातल्या व्यसनाविषयी विचारलं. १९९८मध्ये निष्कर्ष आले. अशा चार किंवा अधिक गोष्टी भोगलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. भोगलेला प्रत्येक जण पितो असा याचा अर्थ नाही. पण पिणाऱ्या पोराकडे ‘वाया गेलेला’ म्हणून पाहणं किती उथळ आहे, ते या आकड्यांवरून कळतं. सतत धोक्याच्या छायेत वाढलेल्या मुलाची धोक्याची घंटा, म्हणजे मेंदूतला अमिग्डाला, जराशानेही वाजू लागते. तिला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. दारू ती घंटा तासभर बंद करते. पोराला एवढंच कळतं की हिने बरं वाटतं.

फोन इथे काय करू शकतो? पिट्सबर्गमध्ये ब्रायन सफोलेटो यांनी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या, बेसुमार पिणाऱ्या १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग केला. शनिवार-रविवारच्या तोंडावर एसएमएस यायचा: पिण्याचा बेत आहे का? मर्यादा ठरवशील का? नंतर विचारलं जायचं, किती झाली? त्या उत्तरावर प्रतिसाद मिळालेल्या तरुणांचं बेसुमार पिणं कमी झालं. ज्यांना नुसते प्रश्न गेले, त्यांच्यात तशी घट दिसली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हिशेब मागणाऱ्याने ऐकूनही घ्यायला हवं.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. वर्षाने हे अंतर आणखी वाढलं, ३२ विरुद्ध ५४ टक्के. अभिजित नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे मोबाइलवरच्या संदेशांतून असंच छोटं समुपदेशन देण्याचंही काम हाती घेतलं.

पण आघात सोसलेल्या माणसासाठी एवढं पुरणार नाही. ‘तुझ्यासोबत काय घडलं ते लिही’ असा प्रश्न रात्री अकराला पडद्यावर आला, तर जखम उघडी पडेल आणि ती बांधायला जवळ कुणी नसेल. म्हणून आघाताचं भान असलेली सेवा सांगायची सक्ती करत नाही. ती आधी श्वास लांबवायला, पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू पाहायला शिकवते. ‘पुन्हा प्यायलास?’ याऐवजी ‘कालची रात्र कशी गेली?’ असं विचारते. कधीही थांबण्याची मुभा देते.

खानदेशात अशा सेवेला आणखी काही शिकावं लागेल. बऱ्याच घरांत फोन भाऊ-वहिनी, आई सगळेच हाताळतात. कुलूप असलेल्या पडद्यावर ‘दारू’ शब्द झळकला, तर ज्या घरात मारहाण चालते, तिथे ती सूचनाच नवं संकट ठरेल. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीतले उपदेश परके वाटतील, त्यापेक्षा ओळखीच्या बोलीतला आवाज हवा. आणि मुलींना विसरता येणार नाही. त्यांच्यात पिण्याचं प्रमाण कमी असलं तरी लाज कितीतरी जास्त आहे, म्हणून त्यांना गुप्ततेची गरजही जास्त.

फोनची हद्दही नीट आखली पाहिजे. विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड गुस्टाफसन यांनी तयार केलेल्या अ‍ॅपमध्ये जिथे पूर्वी प्यायचो त्या जागेजवळ गेल्यावर इशारा मिळतो, आणि ओढ असह्य झाली तर दाबायचं बटणही आहे. २०१४च्या अभ्यासात निवासी उपचार संपवून बाहेर पडलेल्या ज्या रुग्णांना ते मिळालं, त्यांचे जोखमीने पिण्याचे दिवस इतरांच्या निम्मे होते. मात्र बटणामागे माणसं होती.

आपल्याकडे आज अशी माणसं हवी असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२पासून चालू असलेल्या या सेवेवर मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन वेगळी आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ असं एकट्याने ठरवू नये. अचानक सोडल्यावर हात थरथरणं, झटके येणं, भास होणं हे जिवावर बेतू शकतं. त्याला कुठल्याही अ‍ॅपने सर्वात आधी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे किंवा जवळच्या डॉक्टरांकडे पाठवावं, संदेशांची मालिका त्यानंतर सुरू करावी.