युरोपातलं स्वस्त गेस्टहाउस आणि कर्वेनगरातले समज

पुण्याच्या कर्वेनगरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये हल्ली एखादं तरी घर असं असतंच, जिथली मुलगी जर्मनीत आहे. कमिन्स कॉलेजमधून इंजिनिअर झाली, म्युनिकला नाहीतर आखेनला एमएसला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मग एका उन्हाळ्यात आईबाबा तिच्याकडे जातात आणि ‘एवढे लांब आलोच आहोत तर’ म्हणून प्राग, व्हिएन्ना किंवा रोम तीन-चार दिवसांत बघून यायचं ठरतं. महिनाभर राहायला मुलीचं घर असतं. पंचाईत असते ती या तीन-चार रात्रींची. हॉटेलच्या भाड्याला रुपयांनी गुणलं की बाबांची झोप उडते, स्वस्त गेस्टहाउस शोधायचं ठरतं आणि कॅनॉल रस्त्यावरच्या सकाळच्या फेरीत सल्ल्यांचा पाऊस पडतो.

यातले बरेचसे सल्ले सहल-कंपनीबरोबर बसने युरोप पाहून आलेल्यांचे असतात. तिथे हॉटेल कंपनी ठरवते, ते बहुधा शहराबाहेर हमरस्त्यालगत असतं आणि सकाळी बस दारात येऊन उभी राहते. आपलं आपण जाणाऱ्याला तो अनुभव फारसा कामाचा नाही. वयाची सबबही नको. ज्यांच्यामुळे या भागाला कर्वेनगर म्हणतात, त्या महर्षी कर्व्यांनी १९२९मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा केला होता.

‘गेस्टहाउस म्हणजे धर्मशाळाच की!’

हा पहिला आणि सगळ्यात पक्का गैरसमज. जर्मनी-ऑस्ट्रियात ज्याला ‘पेन्झिओन’ म्हणतात, ते बहुधा एका कुटुंबाने चालवलेलं, थोड्या खोल्यांचं छोटं हॉटेल असतं. व्हिएन्नात तर जुन्या भव्य इमारतीचा एखादा मजलाच पेन्झिओन असतो; वरच्या-खालच्या मजल्यांवर वकिलाची कचेरी, दातांचा दवाखाना आणि राहती घरं. उंच छत, जाड भिंती, स्वच्छ पांढऱ्या चादरी आणि सकाळी मालकीणबाई स्वतः कॉफी आणून देणार. ‘हॉटेल गार्नी’ अशी पाटी असेल तर तिथे नाश्ता मिळतो, जेवण नाही. फ्रान्समध्ये ‘शांब्र दोत’ म्हणजे मालक राहतो त्याच घरातल्या खोल्या. कायद्याने पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे ही कमाल मर्यादा, आणि नाश्ता भाड्यातच धरलेला.

स्पेनमधलं ‘होस्टाल’ वाचून अनेकजण दचकतात, कारण त्यांना एका खोलीत आठ पलंग दिसू लागतात. प्रत्यक्षात होस्टाल हे साधं, छोटं, खासगी खोल्यांचं हॉटेल असतं. आठ पलंगांची खोली जिथे असते, ते होस्टेल वेगळं. आणि तेही फक्त कॉलेजच्या पोरांसाठी नसतं. जर्मनीत रिखार्ड शिरमान नावाच्या शिक्षकाने आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२मध्ये युवकांसाठी कायमचं वसतिगृह उघडलं, त्यातून पुढे जगभरची यूथ होस्टेल चळवळ उभी राहिली. आज यातल्या बहुतेक ठिकाणी वयाची अट नाही आणि दोघांच्या किंवा कुटुंबाच्या स्वतंत्र खोल्याही मिळतात. काही ठिकाणी संबंधित संघटनेचं सभासदत्व मात्र लागतं.

ताऱ्यांचंही असंच. तारे सोयी मोजतात: रिसेप्शन किती तास उघडं, खोलीत काय काय आहे, लिफ्ट आहे का. गादी बरी आहे का, गल्ली शांत आहे का, मालकीण प्रेमळ आहे का, हे तारे सांगत नाहीत. अनेक उत्तम पेन्झिओननी तारे मागितलेलेच नसतात.

‘राहायचं तर सेंटरमध्येच’

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आपल्या डोक्यातलं अंतर पुण्यातलं असतं. कर्वेनगरहून मंडई सहा-सात किलोमीटर. संध्याकाळी सहाला निघालात तर पाऊण तास धरा. व्हिएन्नात तेवढंच अंतर भुयारी रेल्वेने साधारण पंधरा मिनिटांत कापलं जातं. म्हणून किलोमीटर मोजू नका; स्टेशन किंवा ट्रॅमचा थांबा दारापासून किती मिनिटं चालत आहे ते मोजा. दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल तर भाडं कमी असूनही दुसरी जागा बघा, कारण दिवसभर दगडी रस्त्यांवर चालून परत येताना ती शेवटची दहा मिनिटं गुडघ्यांना कळतात.

पत्त्यातला पिनकोड इथे मोठा मदतनीस आहे. व्हिएन्नाचा पिनकोड चार आकडी असतो आणि मधले दोन आकडे म्हणजे प्रभागाचा क्रमांक. १०१० म्हणजे पहिला, जुन्या शहराचा, महागडा. १०७० म्हणजे सातवा, खानावळी आणि दुकानांनी गजबजलेला. बुडापेस्टमध्येही हीच पद्धत. पॅरिसमध्ये शेवटचे दोन आकडे बघायचे: ७५०११ म्हणजे अकरावा प्रभाग. जाहिरातीत ‘शहराच्या हृदयात’ असं काहीही लिहिलं असलं तरी हा आकडा लपवता येत नाही.

स्टेशनजवळची जागा चांगली, हा त्याचाच जोडसमज. सामान ओढत फिरावं लागत नाही हे खरं, पण स्टेशनागणिक परिसर बदलतो. फ्रांकफुर्टचं मुख्य स्टेशन पुणेकरांना विमानतळामुळे सोयीचं वाटतं. त्यासमोरचा बानहोफ्सफिअर्टेल भाग मात्र उघड्यावर चालणाऱ्या अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी जर्मनीभर कुप्रसिद्ध आहे. त्याच शहरात ऑक्टोबरच्या पुस्तक मेळ्यात किंवा इतर मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या दिवसांत साध्या खोल्यांचे दरही आभाळाला भिडतात. म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत तीच गत, आणि नावात ऑक्टोबर असला तरी तो सप्टेंबरातच सुरू होतो. तारीख चार दिवस मागेपुढे सरकवण्याइतका मोठा डिस्काउंट कुठलंच ॲप देत नाही.

विमानाचं स्वस्त तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. ‘फ्रांकफुर्ट-हान’ हा विमानतळ फ्रांकफुर्टपासून शंभरहून अधिक किलोमीटर लांब आहे; पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे सुमारे ८५ किलोमीटर. रात्री अकराला तिथे उतरलात तर शहरातल्या गेस्टहाउसची पहिली रात्र वायाच.

‘स्क्रीनवर दिसतं तेच भाडं’

नाही. बऱ्याच शहरांत पाहुण्यांवर वेगळा कर असतो आणि तो अनेकदा पोचल्यावर, काही ठिकाणी रोखीतही, द्यावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. म्हणजे चार रात्रींचे ४०० युरो होत असतील तर वर पन्नासेक युरो. शिवाय नेदरलँड्समध्ये २०२६च्या सुरुवातीपासून मुक्कामावरचा मूल्यवर्धित कर ९वरून २१ टक्क्यांवर गेला आहे, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेले दर आता विसरा. बर्लिनमध्ये २०२५पासून साडेसात टक्के. रोममध्ये कर माणशी आणि रात्रीगणिक लागतो; तीन तारे असलेल्या हॉटेलात ऑक्टोबर २०२३पासून सहा युरो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे.

पण याची दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतं. जिनिव्हा आणि बाझेलमध्ये हॉटेल, होस्टेल किंवा गेस्टहाउसमध्ये उतरलेल्या पाहुण्याला मुक्कामभर शहरातल्या बस-ट्रॅमचा मोफत पास मिळतो. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशात ही बचत लहान नाही. लक्झेंबर्गमध्ये तर २०२०पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच फुकट आहे, त्यामुळे तिथे राजधानीबाहेरच्या गावात राहूनही खिशाला फरक पडत नाही.

‘व्हिसासाठी सगळे पैसे आधी भरावे लागतात’

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, हे खरं. पण त्यासाठी पैसे भरून मोकळं होण्याची गरज नाही. विनाशुल्क रद्द करता येणारं आरक्षण चालतं. प्रौढ माणसाची व्हिसा-फी जून २०२४पासून ९० युरो आहे आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. तिच्या जोडीला न परत मिळणारं खोलीभाडंही कशाला गमवा? प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. मुलगीच खर्च उचलणार असेल तर ती तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढून पाठवू शकते. पण व्हिएन्नातल्या रात्रींचं आरक्षण तरीही वेगळं जोडा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे जिथे जास्त रात्री आहेत त्यावर ठरतं, म्हणून महिनाभर जर्मनी आणि चार रात्री ऑस्ट्रिया असेल तर जर्मनीकडेच.

इथे एक धोका आहे. काही एजंट थोड्या पैशांत ‘डमी बुकिंग’ देतात, म्हणजे नुसता बनवलेला कागद. दूतावासाने गेस्टहाउसला विचारलं आणि नाव सापडलं नाही तर व्हिसा नाकारला जातो, आणि त्या नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते. रद्द करता येणारं खरं आरक्षण फुकट मिळत असताना खोट्या कागदासाठी पैसे देण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

‘साइटवरचा दर सगळ्यात कमी’

पूर्वी मोठ्या बुकिंग साइट्स करारात अट घालायच्या की मालकाने स्वतःच्या वेबसाइटवर त्याहून कमी दर लावायचा नाही. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये अशी अट बेकायदा ठरवली, आणि मे २०२४मध्ये युरोपीय आयोगाने बुकिंग डॉट कॉमला डिजिटल बाजार कायद्याखाली आणल्यानंतर ती अट युरोपीय महासंघात संपलीच. म्हणून साइटवर जागा शोधा, गुण वाचा, आणि मग त्या पेन्झिओनला एक साधी मेल टाका. कमिशन वाचत असल्यामुळे मालक कधी भाडं कमी करतो, कधी नाश्ता त्यातच धरतो. मात्र गेस्टहाउसच्या नावाने आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर कार्डाचा तपशील पुन्हा भरू नका. ही फसवणुकीची सध्याची लाडकी रीत आहे. आणि तिथल्या कार्ड-मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

‘आपण काय, खोलीत खिचडी लावू’

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. गेस्टहाउसच्या खोलीत स्वयंपाकाला सहसा बंदी असते आणि फोडणीचा धूर धूरसूचकाला बरोबर कळतो. चहासाठी किटलीसुद्धा इटली-स्पेनमध्ये गृहीत धरू नका. आपली तीन गोल पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, आणि स्वित्झर्लंड व इटलीत सॉकेटचे प्रकार आणखी वेगळे. स्वयंपाकघर हवंच असेल तर तसं लिहिलेलं होस्टेल किंवा छोटं अपार्टमेंट घ्या. सामानात भाजणी, मेतकूट चालेल, पण साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवा: महासंघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, लेकीसाठी आणले म्हणून सूट नाही.

बाथरूमचं प्रकरण याहून गंभीर. तिथल्या अनेक बाथरूममध्ये जमिनीला मोरीच नसते. टबाबाहेर बादली-तांब्याने अंघोळ केली की पाणी खालच्या मजल्याच्या छतातून झिरपणार आणि त्याचा खर्च पाहुण्याच्या माथी. स्वस्त खोलीत संडास-बाथरूम कॉरिडॉरमध्ये, दोन-तीन खोल्यांत मिळून असतं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या वयात हे आधी विचारायलाच हवं. पोटमाळ्याची खोली चित्रात गोड दिसते, पण जुलैत तिथे भट्टी होते, आणि जुन्या पेन्झिओनमध्ये एसी बहुधा नसतो. मजलाही विचारा. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर कधी ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ असे दोन अर्धेमुर्धे मजले असतात आणि त्यानंतर ‘पहिला मजला’ सुरू होतो. दुसरा मजला म्हणून चढायला लागलात तर श्वास चौथ्याचा लागतो.

‘तिघांच्या खोलीत चौथ्याला जादा गादी टाकू’ हेही तिथे चालत नाही. खोलीची माणसं ठरलेली असतात. आरक्षणात नातवाचंसुद्धा वय लिहावं लागतं.

अपार्टमेंट भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक शोधा. इटलीत २०२५पासून राष्ट्रीय ओळख-क्रमांक सक्तीचा आहे, पॅरिसमध्ये तर कितीतरी आधीपासून. बार्सेलोनाने नोव्हेंबर २०२८पर्यंत पर्यटकांच्या सगळ्या अपार्टमेंटचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. क्रमांक नसलेली जागा ऐनवेळी रद्द झाली तर रात्री रस्त्यावर तुम्हीच.

आणि पोचल्यावर मालकाने पासपोर्ट मागितला म्हणून बिचकू नका. परदेशी पाहुण्याची नोंद ठेवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. इटलीत तर चोवीस तासांच्या आत ती पोलिसांकडे पोचवावी लागते. जर्मनीने २०२५पासून आपल्या नागरिकांना त्या फॉर्ममधून सूट दिली, आपल्याला नाही. पासपोर्ट समोर उभं राहून नोंदवून घ्या आणि लगेच परत मागा. छोट्या पेन्झिओनचं रिसेप्शन रात्री आठ-नऊला बंद होतं, तेव्हा उशिरा पोचणार असाल तर किल्लीची पेटी कुठे आहे आणि कोणत्या आकड्याने उघडते, हे निघण्याआधी लेखी मागवून घ्या. ते कागदावरही उतरवून ठेवा; स्टेशनवर उतरल्यावर फोनचं इंटरनेट चालेलच असं नाही.