थट्टा देवाची, कीं देवाशीं?

देवाला पाहून हंसावें काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्यानें केला, तर वडील माणसें त्यास बहुधा दटावतील. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या मराठवाड्यांत फार जुनें आहे. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्ष महिन्यांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. गुरांचा बाजार व कुस्त्या ह्यांबरोबर तेथें तमाशाचे फडही उतरतात. पारंपरिक तमाशाचा आरंभ गणानें, म्हणजे गणपतीच्या स्तवनानें, होतो. त्यामागून गौळण येते. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची वाट श्रीकृष्ण अडवितो व दान मागतो. त्याचा सवंगडी पेंद्या वेडेंवांकडें बोलतो. मावशीचें सोंग घेतलेला पुरुष प्रत्यक्ष देवाशीं हुज्जत घालतो. पालखीवर भंडारा उधळणारे भाविकच येथें पोट धरून हंसतात!

आतां दूरचें एक उदाहरण घेऊं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ग्रीनफील्ड पपायरस नांवाचा सुमारें ३७ मीटर लांबीचा मिसरी लेख आहे. ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकांत आमोन देवाच्या मुख्य पुरोहिताच्या कन्येस परलोकीं उपयोगी पडावा, म्हणून तो लिहिला गेला. त्यांत मेजेद देवाचें चित्र आहे: अंगभर पांढरी चादर पांघरल्यासारखी आकृति, वर दोन डोळे आणि खालीं दोन पावलें. वास्तविक हा देव उग्र. अदृश्य राहून डोळ्यांनीं मारा करणारा, असें त्याचें वर्णन आहे. २०१२ सालीं हा लेख जपानांत टोकियो येथें प्रदर्शनांत मांडला गेला. तें रूप पाहून तरुणांस हंसूं लोटलें. पुढें मेजेदाच्या बाहुल्या निघाल्या, व्यंगचित्रें झालीं, आणि विस्मृतींत गेलेला देव एखाद्या विनोदी नटासारखा लोकप्रिय झाला.

ह्या दोन हंसण्यांत मोठा भेद आहे. मेजेदाची कथा सांगणारें घर उरलें नाहीं. उरलें तें केवळ रूप. पेंद्याची गंमत मात्र श्रीकृष्ण कोण हें ठाऊक असल्यावांचून कळतच नाहीं. थट्टा ओळखीच्याशींच शोभते. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं सोळाव्या शतकांत भारुडांतून जोशी, गोंधळी ह्यांचीं सोंगें उभीं करून हंसत हंसत परमार्थ शिकविला, तो ह्याच ओळखीच्या बळावर.

म्हणून पालकांनीं मुलांच्या हंसण्यास भिऊं नये. भ्यावें तें कथा विसरण्यास. घरांतील कथा थांबल्या, तर आपला पेंद्याही एके दिवशीं नुसती एक मजेदार आकृति होऊन राहील.