जुनी रायफल, नवं काडतूस

नीट निगा राखली तर रायफल दोन-तीन पिढ्या चालते. काडतूस एकदाच उडतं. तरी सैन्याचं गणित काडतुसावरच चालतं. ते बनवणारे कारखाने, साठवणारी कोठारं आणि आघाडीपर्यंतचा पुरवठा, सगळा पसारा त्याच्याभोवती उभा असतो. म्हणूनच काडतूस बदललं की जुन्या रायफलींनाही त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. या फेरबदलांत सरकारांची काटकसर दिसते, तशी भीतीही दिसते.

सुरुवात १८६६ च्या स्नायडरपासून करू. ब्रिटिश सैन्याकडे तोंडाकडून ठासायच्या एनफिल्ड रायफली ढिगाने होत्या. ज्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, ती याच १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डची. जेकब स्नायडर या अमेरिकनाच्या पद्धतीने नळीचा मागचा तुकडा कापून तिथे बिजागरीचा ठोकळा बसवला गेला. आता काडतूस मागून भरता येऊ लागलं आणि मिनिटाला तीनच्या जागी दहाएक गोळ्या सुटू लागल्या. दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, मुंबई लष्कराचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी ॲबिसिनियावर मोहीम नेली, तेव्हा गोऱ्या पलटणीच्या हाती स्नायडर होती. हिंदी शिपायांना ती गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल आल्यानंतरच मिळाली. सत्तावन्ननंतर सरकारचं धोरणच तसं होतं: हिंदी शिपायाचं हत्यार एक पिढी मागे ठेवायचं.

बंडाची हीच धास्ती पुढे काडतुसात उतरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने लष्करी मापाच्या रायफली हिंदुस्थानात खाजगी हाती ठेवायला बंदी केली. चोरलेली लष्करी काडतुसं कुणाच्याही बंदुकीत चालू नयेत, हा हेतू. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठीचं .४५० हे मापही त्यात अडकलं, तेव्हा इंग्लंडमधल्या बंदूककारांनी .४७० आणि .४६५ ही नवी मापं काढली. लष्करी .३०३ टाळून निघालेल्या .३१५ ची रायफल ईशापूरचा सरकारी कारखाना परवानाधारकांसाठी अगदी अलीकडेपर्यंत बनवत आला आहे. ‘प्रोहिबिटेड बोअर’ (बंदी असलेलं माप) हा प्रकार स्वतंत्र भारताच्या शस्त्र कायद्यातही आहे. साहेब गेला, वर्गवारी राहिली.

याच ईशापुरात सैन्याच्या .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीची .४१० मस्केट झाली. नळीतले आटे पार घासून ती गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच काडतूस. काडतूसही खास, .३०३ च्याच पुंगळीची निमुळती मान सरळ करून घडवलेलं. तुरुंगावरचा पहारा आणि दंगलीतला बंदोबस्त यासाठी हे पुरेसं होतं. ती कुणी पळवली तरी युद्धात तिचा फारसा उपयोग नव्हता. रायफल मुद्दाम दुबळी करण्याचं इतकं सरळ उदाहरण विरळाच.

१९५४ मध्ये नाटोने ७.६२ × ५१ मिलिमीटरचं काडतूस स्वीकारलं आणि जगभर फेरबदलांची लाट आली. इस्रायलने १९४८ च्या सुमारास मिळवलेल्या जर्मन माउझर रायफलींना नवी नळी बसवली. जुन्या ७.९२ च्या आणि नव्या काडतुसाच्या बुडाचा व्यास एकच, त्यामुळे बोल्टला फारसा हात लावावा लागला नाही. अमेरिकी नौदलाने गॅरँड रायफलीच्या कोठीत, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, छोटी बाही बसवली, कारण नवं काडतूस जुन्यापेक्षा आखूड होतं. गंमत अशी की कधी कधी रिकाम्या पुंगळीबरोबर ती बाहीच बाहेर पडायची! शेवटी नव्या नळ्याच घालाव्या लागल्या.

ली-एनफिल्डचं प्रकरण याहून अवघड. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. बोल्टवरची पकड आणि मॅगझिन, सगळं त्या कडेच्या हिशेबाने घडवलेलं. ७.६२ ला ती कड नाही, शिवाय दाब जास्त. ब्रिटिशांनी निवडक रायफलींना जड नळी, नवी पकड, नवं मॅगझिन देऊन एल ४२ ए १ ही नेमबाजाची रायफल तयार केली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती होती.

आपण वेगळी वाट धरली. १९६२ च्या चीन युद्धात जवानांच्या हाती .३०३ होती. त्यानंतर ७.६२ ची एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल ईशापुरात बनू लागली, पण तिने सगळी गरज भागेपर्यंत वेळ जाणार होता. तोवर त्याच काडतुसाची बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणून २ ए घडवली गेली. दिसायला जुनी ली-एनफिल्डच, पण पोलाद अधिक मजबूत, मॅगझिन चौकोनी, आणि सगळी नव्याने बनवलेली. २ ए १ मध्ये नेमाची पट्टी २००० वरून ८०० मीटरवर आणली. साध्या शिपायाने दोन किलोमीटरवर नेम धरायचा, ही कल्पनाच कालबाह्य झाली होती.

महाराष्ट्राचा धागा इथे काडतुसातून येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या .३०३ च्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसतात. भुसावळजवळच्या वरणगावात पुढे ७.६२ ची काडतुसं होऊ लागली.

तरी .३०३ पोलिसांकडे टिकून राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर रेल्वेच्या जवानांकडे तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. शत्रूसाठी रायफल बदलण्याची घाई १९६२ ने लावली. पोलिसाच्या बाबतीत मात्र ‘चालतंय तोवर चालू द्या’ हे जुनं गणित स्वातंत्र्यानंतरही साठ-सत्तर वर्षं कुणाला फारसं खटकलं नाही. रायफल कुठल्या काडतुसाची, हे कारखान्यात ठरत असेल. ती कुणाच्या हातात किती वर्षं राहणार, हे सरकारच्या लेखी त्या माणसाची किंमत काय, यावर ठरत आलं आहे.