जुन्या मोटारीचा मोडका स्टड

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकाला शिंद्यांचा दरबार, किल्ला आणि तेथील गायनाचे घराणे आठवते. मोटार आठवत नाही. वास्तविक हिंदुस्थानातील मोटारींच्या इतिहासात ह्या नगरीला मानाचे स्थान आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. घाटांचे खडे चढ आणि त्या काळचे रस्ते असा सुमारे ६२० मैलांचा तो प्रवास होता. त्यात रोल्स-रॉइस कंपनीची एक सिल्व्हर घोस्ट मोटार विजयी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. ‘पूर्वेचा मोती’ अशा अर्थाचे नाव तिला मिळाले होते. महाराजांना यंत्रांचा मोठा षोक. १९०५ साली त्यांच्याच काळात सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात आजही मोटारींचा बाजार भरतो, हे त्या षोकाला साजेसेच म्हणावयाचे.

परंतु राजाची मोटार असो की रयतेची जीप, एक दुखणे दोघींनाही सारखेच जडते. इंजिनात पेट्रोल जळून झाल्यावर तापलेला धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. हे नळकांडे इंजिनाच्या अंगाला लोखंडी स्टडांनी आवळलेले असते. स्टड म्हणजे डोके नसलेला बोल्ट. त्याचे एक टोक इंजिनात घट्ट रुतलेले असते व दुसऱ्या टोकावर नट बसतो. हाच स्टड वर्षानुवर्षांच्या तापाने मोडतो, आणि मोडतो तो नेमका इंजिनाच्या पृष्ठभागाशी किंवा त्याच्याही आत, म्हणजे जेथे पकडावयास बोटभर जागा उरत नाही तेथे.

तो का मोडतो? ग्वाल्हेरसारख्या गावी, जेथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि पौषात पहाटे चार-पाच अंशांवर येतो, तेथे लोक हवेला दोष देतात. हा दोष अस्थानी आहे. ओझे घेऊन चढ चढताना मॅनिफोल्ड पाचशे अंशांच्या आसपास तापतो. त्यापुढे उन्हाची ती काय मातब्बरी? अर्धा मीटर लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंश तापला, तर तो अडीच मिलिमीटरांहून अधिक वाढतो. ज्या इंजिनाला तो जखडलेला आहे ते मात्र पाण्याने थंड राखलेले असते आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. मग उरलेल्या दोन मिलिमीटरांची ओढाताण कोण सोसणार? स्टड! त्यातही दोन्ही टोकांच्या स्टडांवर हा ताण सर्वांत अधिक पडतो, म्हणून बहुधा तेच आधी जातात. त्यात गंजाची भर पडते, आणि कोणी उत्साही गृहस्थ लांब पान्ह्याने नट गरजेहून जास्त आवळून ठेवतो.

रोगाची लक्षणे ओळखणे कठीण नाही. सकाळी इंजिन सुरू करताच टक्‌ टक्‌ असा आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो, कारण तापलेले बीड फुगून फट बुजविते. पुष्कळजण येथेच फसतात. आवाज गेला म्हणजे दुखणे गेले, असे समजून वर्ष वर्ष गाडी चालवितात. जोडाभोवती काळी काजळी दिसली की निदान पक्के समजावे.

ह्या फटीतून नुसता आवाज बाहेर पडत असता तर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. जुन्या गाड्यांत इंजिन व बैठक ह्यांमधील पत्र्याला भोके पडलेली असतात, रबर झिजलेले असते. थंडीच्या रात्री लग्नाहून परतताना काचा बंद, मागे मुले झोपलेली. ती झोपली आहेत की गुंगली आहेत, हे पुढे बसलेल्यास कळत नाही. प्रवासात सर्वांचेच डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर ती गाडी लागणे आहे असे धरून न चालता काचा उघडाव्या, गाडी थांबवावी व सर्वांनी खाली उतरावे.

आता उपचार. इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची तार काढलेली असावी. कित्येक जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या वरच असतो, म्हणून ज्योत पेटविण्यापूर्वी पेट्रोलचा बंदोबस्त केलाच पाहिजे. स्टडचे टोक थोडे तरी बाहेर असेल तर गंज सोडविणारे पातळ तेल त्याच्या मुळाशी घालून रात्रभर थांबावे. मग भोवतालचे बीड गॅसच्या ज्योतीने तापवून, ते निवत असता मेणबत्ती मुळाशी टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत खोल शिरते आणि अडलेला स्टड हलू लागतो. ह्या कामी मेण पुष्कळदा तेलाहून सरस ठरते. फिरविताना एकाच दिशेने जोर करू नये. किंचित पुढे, किंचित मागे असे खेळवीत काढावा.

टोक पृष्ठभागाशी मोडले असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगची आच गंजाची पकड सोडविते आणि पान्ह्याला धरावयास नटही मिळतो. फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हिचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. लोखंडी वेल्डिंग त्याला चिकटत नाही हा फायदा, पण आच जास्त झाली तर हेडच वितळेल हा धोका. अ‍ॅम्बेसेडरचे हेड बिडाचे. ते पुष्कळ सोसते.

हेही साधले नाही तरच ड्रिल हाती घ्यावे. सारे यश पहिल्या खुणेवर अवलंबून असते. सेंटर पंचाची खूण बरोबर मध्यावर पडली नाही, तर ड्रिल कठीण स्टड सोडून मऊ हेडमध्ये घुसते. उलट्या दिशेचे ड्रिल मिळाले तर उत्तम. कित्येकदा भोक पाडतापाडताच स्टड फिरून बाहेर येतो. स्टड काढण्याचे पेचदार हत्यार मात्र अगदी बेताने वापरावे. ते अतिशय कठीण पोलादाचे असल्यामुळे आत मोडले तर साधे ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढू शकत नाही. पाच रुपयांच्या दुखण्याचे पाच हजारांचे होते ते येथे! अशी शंका आली तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे, त्यात कमीपणा नाही. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी ६.८ मिलिमीटरचे भोक पाडून टॅप फिरवितात. आटे अगदीच गेले असतील तर भोक मोठे करून तारेची आटेदार स्प्रिंग बसवितात. काही इंजिनांत स्टडचे भोक थेट पाण्याच्या पोकळीत उघडते. तेथे आट्यांना सीलबंद करणारे लुकण न लावल्यास पाणी झिरपते.

जुने पॅकिंग खरवडताना ते ओले करावे व नाकावर योग्य मुखवटा बांधावा, कारण त्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी धरून पाहावी. तो वाकलेला असेल तर घासून सपाट केल्यावाचून नवा स्टडही टिकणार नाही. घाईत नेमकी हीच तपासणी राहून जाते. नवे स्टड हातानेच बसवावे, नट शक्यतो पितळी घ्यावे, कारण पितळ गंजून लोखंडाला धरून बसत नाही. आवळताना मधल्यापासून टोकांकडे जावे. पहिल्या फेरीनंतर, गाडी पुरती निवल्यावर, सर्व नट पुन्हा एकदा तपासावे.