यात्रेला किती दिवस उरले? पायथनला विचारा, पण आधी आजीला!

होळी जवळ आली की पाथर्डीच्या पोरांना रंगांआधी मढी आठवते. कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. माझ्या एका मित्राच्या घरचं तिथे खेळण्यांचं दुकान लागतं. यंदा १९ मार्चला पाडवा झाला आणि तो म्हणाला, ‘तू पायथन शिकतेयस ना? मग पुढच्या यात्रेला किती दिवस उरले ते सांगणारा प्रोग्राम करून दे. माल उधारीवर उचलायचा असतो, तारीख चुकून चालत नाही.’

काम सोपं वाटलं. तुम्हीही करून बघा. ‘डेटटाइम’ मॉड्यूलमधून ‘डेट’ घ्यायचं आणि कंसात तारीख द्यायची. आपण आधी दिवस लिहितो, इथे उलटं आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मार्च म्हणजे नुसता ३. ०३ लिहिलंत तर एरर येणार. एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस मिळतात. महिना ३० चा की ३१ चा, लीप वर्ष आहे की नाही, हे सगळं पायथन स्वतः बघतो.

मी यंदाच्या पाडव्यात ‘टाइमडेल्टा’ने ३६५ दिवस मिळवले. उत्तर आलं, १९ मार्च २०२७. मित्र खूश!

त्याची आजी मात्र हसली. ‘अगं, यंदा धोंड्याचा महिना आहे. पाडवा एवढ्या लवकर कसा येईल?’

पंचांग बघितलं, तर पुढचा पाडवा ७ एप्रिलला. म्हणजे चूक तब्बल १९ दिवसांची! माझ्या प्रोग्रामप्रमाणे ज्या दिवशी यात्रा संपत होती, त्या दिवशी खरं तर होळीसुद्धा पेटलेली नसणार. माल घरात पडून आणि उधारी डोक्यावर.

मग मागचे पाडवे वजा करून बघितले. ९ एप्रिल २०२४ ते ३० मार्च २०२५: ३५५ दिवस. तिथून १९ मार्च २०२६: ३५४. तिथून ७ एप्रिल २०२७: ३८४! चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. ही तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. यंदा तो ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून.

वजाबाकी बरोबरच होती. वर्ष ३६५ दिवसांचं, हे मीच गृहीत धरलं होतं.

आता प्रोग्राममध्ये मिळवणी नाही. पंचांगातल्या पाडव्याच्या तारखांची यादी टाकलीय. ‘टुडे’ आजची तारीख देतो, तिच्यापुढची यादीतली पहिली तारीख निवडायची आणि वजाबाकी करायची. पाच-सहा ओळींत काम होतं.

तुमच्या गावची जत्रा तिथीवर असेल तर हा प्रोग्राम नक्की करून बघा. फक्त यादी भरताना घरातल्या आजीला शेजारी बसवा.