शक्तिसंवर्धनाचीं मासिकें कशीं पारखावीं?

मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली म्हणजे घरोघर व्यायामाचे संकल्प सुटूं लागतात आणि संक्रांतीचा तिळगूळ संपण्यापूर्वींच त्यांतील बहुतेक विरून जातात, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसेल. गेल्या वर्षीं आमच्या घरीं मात्र संकल्प टिकला, आणि त्यामुळेंच पंचाईत झाली. आमचा सतरा वर्षांचा पुतण्या कोठून तरी व्यायामविषयक इंग्रजी मासिकांचा गठ्ठा घेऊन आला. मुखपृष्ठांवर खांद्यांचे डोंगर झालेले पुरुष आणि आंत 'बारा आठवड्यांत दंड दुप्पट' अशा थाटाचे मथळे! त्यांतील एका नामांकित शरीरसौष्ठवपटूचा दिनक्रम त्यानें जशाचा तसा उचलला. आठवड्याचे सहा दिवस आणि रोज वीस-पंचवीस फेऱ्या. महिना भरतो न भरतो तोंच त्याची पाठ धरली. शिवाय फडताळांत भुकटीचा एक थोरला डबा येऊन बसला, त्याची किंमत ऐकून वडील मंडळी अवाक् झाली.

त्याच आठवड्यांत आमच्या मातोश्री देवघरांतील पाटावरून उठतांना तोल जाऊन पडल्या. त्यांचें वय ७८. हाड मोडलें नाहीं, हें सुदैव. दोघांसहि एकदमच डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून आम्ही चकित झालों. नातवानें उचलण्याचें वजन कमी करावें आणि आजींनीं वाढवावें, असा त्यांचा सल्ला होता! घरीं येऊन आम्हीं तो सारा गठ्ठा चाळला. त्यांत आजींसाठीं एक ओळहि नव्हती. अशीं मासिकें घरांत येऊं द्यावीं कीं नाहीं, आणि द्यावयाचीं तर कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न आम्हांस तेव्हांपासून पडला.

या मासिकांचें कुलवृत्त थोडें पाहिल्यास त्यांचे गुणदोष चटकन् उमगतात. युजेन सँडो या प्रसिद्ध बलवंतानें इंग्लंडांत १८९८ सालीं आपलें मासिक काढलें. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. त्याच्या साधनांचा मोह आपल्याकडील थोरांसहि पडला होता. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सँडोच्या पद्धतीनें सुमारें दहा वर्षें नेमानें व्यायाम केला व मगच ते सूर्यनमस्कारांकडे वळले. अमेरिकेंत ॲलन कॅल्व्हर्ट यानें १९०२ सालीं वजनांचा कारखाना काढला आणि १९१४ सालीं मासिक. बॉब हॉफमन याचें मासिक १९३२ सालीं निघालें. त्याचाहि वजनांचा कारखानाच होता. जो वीडर यानें १९४० सालीं कॅनडांत मासिक सुरू केलें व पुढें त्याच्या जोडीला साधनांचा आणि पौष्टिक चूर्णांचा मोठा व्यापार उभारला. थोडक्यांत, दुकान आणि मासिक हीं जुळीं भावंडें आहेत.

केवळ एवढ्यामुळें मासिक टाकाऊ ठरतें असें मात्र नाहीं. वजनें विकणाऱ्यास तीं कशीं वापरावीं हें सांगावेंच लागे, आणि त्या निमित्तानें पुष्कळ उपयुक्त माहिती छापली गेली. परंतु विक्रीचा माल लोखंडाऐवजीं भुकटी झाला कीं सल्ल्यास वळण निराळें लागतें. लोखंड एकदां घेतलें म्हणजे नातवंडांपर्यंत पुरतें. डबा महिन्यानें संपतो! १९८५ सालीं वीडरच्या कंपनीस अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाशीं तडजोड करून, आपल्या दोन पूरक द्रव्यांनीं स्नायु वाढतात असे खोटे दावे यापुढें न करण्याचें मान्य करावें लागलें, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

म्हणून आमची पहिली कसोटी अशी: अंक हातीं घेतांच जाहिरातींचीं पानें मोजावीं, आणि ज्या वस्तूची जाहिरात आहे तिचीच स्तुति लेखांत आहे काय तें पाहावें. असल्यास तो लेखहि जाहिरातच समजावा.

दुसरी कसोटी क्रमवृद्धीची. थॉमस डीलॉर्म हे अमेरिकन लष्करी डॉक्टर. लहानपणीं संधिवाताच्या तापांतून उठल्यावर त्यांनीं स्वतः वजनें उचलून शरीर सुधारलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत जखमी शिपायांचे दुबळे झालेले पाय त्यांनीं वजनांच्याच व्यायामानें सशक्त केले व १९४५ सालीं तो अनुभव प्रसिद्ध केला. १९४८ सालीं सहकाऱ्यासह त्यांनीं सुटसुटीत रीत सांगितली. जें वजन जेमतेम दहा वेळां उचलतां येतें तें निश्चित करावें. पहिली फेरी त्याच्या निम्म्यानें, दुसरी पाऊण वजनानें व तिसरी पूर्ण वजनानें करावी, आणि शक्ति वाढेल तसें वजन वाढवावें. रीती पुढें अनेक निघाल्या, पण तत्त्व हेंच राहिलें. आरंभ कोठून करावा, वाढ केव्हां व किती करावी आणि विश्रांति किती घ्यावी, हें जो लेख सांगत नाहीं, त्यांतील चित्रें कितीहि सुबक असलीं तरी तो निरुपयोगी होय.

तिसरी कसोटी, सल्ला कोणासाठीं आहे ही. शरीरसौष्ठवपटूंच्या दिनक्रमामागें अनेक वर्षांची तयारी असते, आणि कित्येकांच्या बाबतींत घातक औषधेंहि असतात. छायाचित्रांत तीं दिसत नाहींत. उलट ज्यांस शक्तीची खरी निकड आहे अशा वृद्धांविषयीं या मासिकांत बहुधा मौन असतें. बोस्टन येथें नव्वदीच्या आसपासच्या दुर्बळ वृद्धांस आठ आठवडे देखरेखीखालीं पायांच्या शक्तीचा व्यायाम दिला. त्याचे निष्कर्ष १९९० सालीं प्रसिद्ध झाले. प्रयोग पुरा करणारे नऊच जण होते, परंतु त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें १७४ टक्के वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायुबल वाढविणारा व्यायाम सांगितला आहे, आणि ६५ वर्षांपुढील मंडळींस तोल व बल या दोहोंचा व्यायाम निदान तीन दिवस. ज्या मासिकांत स्त्रिया व वृद्ध यांस स्थान आहे, तें कुटुंबाचें मासिक.

चौथी कसोटी आहाराची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मानानें निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें रोज पुरतात. म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास सुमारें ५० ग्रॅम. वजनें उचलणाऱ्यास अधिक लागतात. परंतु ४९ प्रयोगांच्या २०१८ मधील एकत्रित अभ्यासांत सुमारें १.६ ग्रॅमच्या पुढें विशेष लाभ आढळला नाहीं. वरण, उसळ, दूध, दहीं, शेंगदाणे यांचें प्रमाण विचारपूर्वक वाढविल्यास पुष्कळ मजल गांठतां येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून आहारांत फरक करूंच नये.

शेवटीं एक गोष्ट आम्हीं, एका मासिकांतच लिहीत असतां, कबूल केलीच पाहिजे. मासिकास दरमहा नवें कांहीं द्यावें लागतें. शरीरास मात्र अनेक महिने तेंच तें हवें असतें. या दोहोंचा मेळ बसत नाहीं, आणि मग तेच ते व्यायाम नवीं नांवें घेऊन येतात. म्हणून वर्षाचे अंक विकत घेण्यापेक्षां टिकाऊ वाङ्मय शोधावें. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं संपादिलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड जुन्या ग्रंथालयांत आढळल्यास अवश्य चाळावे. टेक्सास विद्यापीठाच्या परिसरांतून १९९० पासून निघालेलें 'आयर्न गेम हिस्टरी' हें नियतकालिक या विषयाचा इतिहास साक्षेपानें सांगतें. १९९३ ते २०१८ पर्यंत चाललेल्या 'मायलो' त्रैमासिकाचे जुने अंकहि जाणत्या वाचकास रुचतील.

आमच्या घरीं आतां मासिकांचा गठ्ठा माळ्यावर आहे आणि त्याच्या जागीं एक शंभर पानी वही आहे. पुतण्या आठवड्यांतून तीन दिवस व्यायाम करतो व प्रत्येक वजन तींत टिपून ठेवतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर आजींचाहि हिशेब आहे. आरंभीं खुर्चीचे हात धरून चार वेळां उठणें-बसणें, मग सहा, मग आठ. पुढें हात न धरतां. आंकडे नातूच मांडतो, आणि एखादी बैठक अर्धवट झाली तर ती मोजीत नाहीं! गेल्या चतुर्थीस आरती झाल्यावर मातोश्री पाटावरून कोणाचा आधार न घेतां उठल्या. वहींत तेवढ्याचीच एक निराळी ओळ आहे.